मदत हवी आहे: विज्ञानातल्या नैतिक प्रश्नांवर दहावीच्या मुलांशी बोलायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. इथे बरीच शिक्षक मंडळी आहेत, म्हणून विचारते आहे.

उष्मादायी अभिक्रिया (ज्यात उष्णता बाहेर पडते) शिकवताना मी भोपाळच्या वायुदुर्घटनेचं उदाहरण घेते. तिथल्या युनियन कार्बाइड कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या टाकीत पाणी शिरलं, उष्णता वाढत गेली, दाब वाढला आणि २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू शहरावर पसरला. एवढं रसायनशास्त्र मुलांना पटकन समजतं. पण आता विषय तिथे थांबत नाही. त्याच कारखान्यातला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये आमच्या शेजारी पीथमपूरला आणून पुढच्या काही महिन्यांत जाळला, आणि वर्गातल्या बऱ्याच जणांचे वडील पीथमपूरलाच नोकरीला जातात.

एक मुलगी म्हणाली, "मॅम, कहीं तो जलाना पड़ेगा ना?" मागच्या बाकावरून लगेच आलं, "तो भोपाल में ही जला देते!" झालं, इंदूर विरुद्ध भोपाळ सुरू. एक मुलगा मात्र तासभर मान खाली घालून वहीचा कोपरा दुमडत बसला होता. त्याचं आजोळ त्या भट्टीजवळच्या गावात आहे, हे मला मागाहून कळलं.

माझ्या मते इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. धुरात काय आणि किती होतं, हे मोजता येतं. प्रदूषण मंडळाने मोजलं आणि प्रमाण मर्यादेत असल्याचं न्यायालयाला सांगितलं. पण धोका थोडा असला तरी तो कुणाच्या दारात ठेवायचा आणि त्यांना आधी विचारायचं की नाही, याचं उत्तर कुठल्याही यंत्रावर मिळत नाही. जाळताना चुना मिसळतात, त्यामुळे राख मूळ कचऱ्याहून जास्त भरली. ती कुठे पुरायची, हाही तसलाच प्रश्न. मुलांनी हे दोन्ही प्रश्न वेगळे ओळखावेत, इतकंच मला हवं आहे. अमुकच निष्कर्ष काढा, असा आग्रह नाही.

सुरुवात लांबच्या उदाहरणाने करावी का? देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेनर या डॉक्टरने १७९६ मध्ये आठ वर्षांच्या मुलाला गाईच्या देवीचा द्रव टोचला आणि नंतर खऱ्या देवीचाही टोचून पाहिला. आज याला कुणी परवानगी देणार नाही, तरी त्याच वाटेने देवीचा रोग जगातून गेला. यावर मुलं शांतपणे बोलतील. पण तिथे कुणाचं घर पणाला लागलेलं नसतं, म्हणूनच ती शांत राहतील, अशी मला शंका आहे.

भूमिका वाटून द्याव्यात (गावकरी, इंजिनिअर, न्यायाधीश), तर त्या गप्प मुलाला कुठली द्यायची? वडिलांच्या कारखान्याविरुद्ध बोलायला मुलांना भाग पाडणं मला पटत नाही. "मॅम, आपको क्या लगता है?" असं विचारलं तर स्वतःचं मत सांगावं का? एका पालकांनी फोन करून "विज्ञान शिकवा, राजकारण नको" असं बजावलं आहे, त्यांना काय सांगू?

सहामाही आटोपली की लागोपाठ दोन तास मिळतील. कुणी वर्गात असं काही केलं असेल, तर पहिला प्रश्न काय विचारलात आणि लेखी काय करून घेतलंत, ते नक्की लिहा. हिंदीतली कार्यपत्रकंही चालतील, आमच्या वर्गात हिंदीच चालते.