मदत हवी आहे: चपलेचा तळ रुंद असला तर पाय कमी घसरतो का? वर्गात दिलेले उत्तर तपासून हवे आहे

नमस्कार. मी नाशिकला पंचवटीतील एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. घर्षणाचा पाठ चालू असताना एका मुलीने सांगितले की तिची आजी गोदाघाटावर शेवाळलेल्या पायरीवरून घसरली आणि तिचे मनगट मोडले. पुढे तिने विचारले, "बाई, आजीच्या चपलेचा तळ रुंद असता तर ती पडली नसती का?" मी नेहमीचा नियम सांगितला की घर्षणबल हे पृष्ठभागांच्या प्रकारावर आणि त्यांना एकमेकांवर दाबणाऱ्या बलावर अवलंबून असते, संपर्कात असलेल्या क्षेत्रफळावर नाही, म्हणून तळ रुंद असल्याने काही फरक पडला नसता. मुलगी गप्प बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते हे मला दिसत होते, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही प्रयोगच करून पाहिला.

१२० सेंटिमीटर लांबीची रंधा मारलेली फळी घेतली, तिच्यावर वीट आडवी ठेवली आणि वीट घसरू लागेपर्यंत फळीचे एक टोक हळूहळू उचलले. दहा वेळा करून सरासरी उंची ६२ सेंटिमीटर आली, म्हणजे कोन सुमारे ३१ अंश आणि घर्षण गुणांक (घर्षणबल आणि दाबणारे बल यांचे गुणोत्तर) ०.६. तीच वीट लांब कडेवर ठेवली तर ६१ सेंटिमीटर. (वीट उभी ठेवून पाहण्याचाही मुलांचा आग्रह होता, पण ती घसरण्याआधीच कलंडत असे.) इथवर नियम खरा ठरला आणि मला हायसे वाटले.

मग एका मुलाने जुन्या स्लिपरचा रबरी तळ कापून आणला. संपूर्ण विटेखाली बसेल एवढा तुकडा चिकटवला, तेव्हा वीट ८४ सेंटिमीटर उंचीपर्यंत तग धरून राहिली. तोच तुकडा काढून त्याच्या दोन अरुंद पट्ट्या चिकटवल्या, तर ती ७६ सेंटिमीटरलाच घसरली. वजन तेच, रबर तेच, फळी तीच आणि तरीही गुणांक ०.९८ वरून ०.८२ वर आला. हाताच्या चुकीने एवढा फरक पडेल असे मला वाटत नाही, कारण तीन गटांनी वेगवेगळे करूनही तो त्याच दिशेने आला.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रबराला हा नियम लागू होत नाही का, आणि होत नसेल तर का? आणि त्या मुलीला मी आता काय सांगावे? घाट आमच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि वर्गातील निम्म्या घरांतली माणसे रोज तिथे जातात. २०२७ च्या सिंहस्थात तर त्याच पायऱ्यांवर लाखोंची पावले पडतील. त्यामुळे हे उत्तर गुणांपुरते देऊन मोकळे व्हावे असे मला वाटत नाही.

---

उत्तर:

नमस्कार बाई. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत रबरी ऑइल सील तयार करण्याच्या कामात बरीच वर्षे होतो, त्या अनुभवावरून लिहितो. आपला प्रयोग चुकलेला नाही.

क्षेत्रफळाचा हा नियम आमाँतो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ मध्ये मांडला आणि कूलोमने १७८५ मध्ये त्याची सविस्तर तपासणी केली, परंतु तो निरीक्षणातून आलेला नियम आहे. त्यामागचे कारण विसाव्या शतकात केंब्रिजमध्ये बाउडन आणि टेबर यांनी उलगडले. वीट फळीवर पूर्ण टेकलेली दिसली तरी प्रत्यक्षात दोन्हींचे फक्त सूक्ष्म उंचवटे एकमेकांना भिडतात. वीट कडेवर ठेवली की दिसणारे क्षेत्रफळ घटते, पण दाब तेवढाच वाढतो, उंचवटे अधिक चेपले जातात आणि खरा स्पर्श जवळपास तेवढाच राहतो. रबर मात्र मऊ आणि लवचीक असल्यामुळे थोड्या दाबानेही फळीच्या खाचाखोचांत शिरते. दाब दुप्पट केला म्हणून खरा स्पर्श दुप्पट होत नाही. त्यामुळे तेच वजन मोठ्या तळावर पसरले की एकूण स्पर्श वाढतो आणि पकडही वाढते. कोरड्या फरशीवर आपल्या विद्यार्थिनीचा अंदाज काही अंशी बरोबर आहे.

शेवाळलेल्या पायरीचे गणित मात्र निराळे आहे. तिथे रबर दगडापर्यंत पोहोचतच नाही, कारण मध्ये पाणी आणि बुळबुळीत शेवाळ असते. पाऊल टेकताच तो थर बाहेर निघून जायला हवा, आणि तळ जितका रुंद व सपाट तितका थराला बाहेर पडायला अधिक वेळ लागतो. पाऊल तर क्षणभरातच सरकते. म्हणून सपाट, झिजलेली रुंद चप्पल तिथे उलट अधिक धोक्याची. खोल खाचा असलेला तळ पाण्याला वाट करून देतो. टायरला खाचा असतात त्याही याचसाठी. शेवाळ चिकट असल्याने खाचांनीही पूर्ण भागत नाही, पायरी ताठ ब्रशने घासून काढणे हाच खरा उपाय.

एक सूचना: प्रत्येक वेळी वीट ठेवल्यावर सारखाच वेळ थांबून मग फळी उचला, कारण रबर दाबाखाली हळूहळू पसरत जाते आणि पकड वाढते.

---

धागाकर्ती:

मनःपूर्वक आभार. आज फळी ओली करून तिच्यावर साबणाचे पाणी पसरले. सपाट रबर लावलेली वीट २४ सेंटिमीटरलाच घसरली, तर ब्लेडने आडव्या खाचा पाडलेले तेवढेच रबर ३५ पर्यंत टिकले. परवा दिलेले उत्तर अपुरे होते, असे मी वर्गात सांगितले. त्या मुलीने आजीच्या चपलेचा तळ उलटा करून पाहिला होता; तो टाचेकडे पार गुळगुळीत झाला होता, असे तिने सांगितले.