मदत हवी आहे: पराटीची काडी लागून बुबुळावर ओरखडा, तिसऱ्या दिवशीही उजेड सहन होत नाही

परवा सकाळी शेतात पराट्या (कपाशीची वाळलेली झाडे) उपटताना एक वाळलेली काडी बाबांच्या उजव्या डोळ्यात लागली. वय ६१, मधुमेह नाही, औषधाची ॲलर्जी नाही, त्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशनही झालेले नाही. लगेच स्वच्छ पाण्याने डोळा धुतला आणि दुपारी तालुक्याला नेले. तिथल्या डॉक्टरांनी पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिले, बुबुळाच्या कडेला बारीक ओरखडा असल्याचे सांगून मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचे थेंब दिवसातून चार वेळा दिले आणि डोळ्यावर पट्टी बांधू नका असे बजावले.

असा ओरखडा साधारण एक ते तीन दिवसांत भरतो, हे मला ठाऊक आहे. टोचणे बरेच कमी झाले आहे. पण डोळा लालच आहे, आणि दार उघडले की बाबा दुपट्ट्याने तोंड झाकून घेतात. पांढरा ठिपका किंवा पू मला दिसत नाही. शेजारच्या काकूंनी एरंडेल आणि घरातले जुने थेंब सुचवले होते. त्या थेंबांत डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड आहे, म्हणून दोन्ही घातले नाही. काडीकचऱ्याच्या जखमेत बुरशी शिरू शकते, ती उशिरा दिसते आणि स्टेरॉइडने बळावते, याचीच मला खरी धास्ती आहे.

फेरतपासणी सोमवारी, म्हणजे चार दिवसांनी आहे. नेत्रतज्ज्ञ यवतमाळला किंवा सेवाग्रामला. गावातून एसटी दिवसाला एकच. ज्यांनी असे रुग्ण पाहिले आहेत त्यांनी सांगावे: या अवस्थेत सोमवारपर्यंत थांबणे सुरक्षित आहे, की बुरशीच्या तपासणीसाठी उद्याच निघावे?