मदत हवी आहे: रात्रीच्या व्हिडिओत रानडुक्कर ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी. आर्वीकडे आमचं तूर-कपाशीचं वावर आहे. जागलीला माणूस मिळत नाही, म्हणून धुऱ्यावर इन्फ्रारेड कॅमेरा आणि रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक) लावला. डुक्कर किंवा रोही (नीलगाय) दिसला की भोंगा वाजावा, एवढंच.

सध्या ओपनसीव्ही या चित्र-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमधल्या एमओजी२ने (स्थिर पार्श्वभूमी वगळणारी पद्धत) हलणारा भाग वेगळा काढतो, मग त्याचे एचओजी फीचर (आकाराच्या कडांच्या दिशा सांगणारे आकडे) एसव्हीएमला, म्हणजे नमुन्यांवरून शिकून वर्गवारी करणाऱ्या प्रोग्रामला देतो. रोही बऱ्यापैकी ओळखू येतो. घोडं अडलंय डुकरापाशी. तुरीत अर्धं अंग झाकलेलं, त्यात रात्रीचं चित्र करडं, म्हणजे रंगाचा आधार नाहीच. आमचा कुत्रा मोत्या दरवेळी डुक्कर ठरतो! वारा सुटला की तूरसुद्धा डुक्कर. परवा बाबांनी भोंग्याची वायरच काढून ठेवली.

एचओजीची नेहमीची ६४ बाय १२८ पिक्सेलची खिडकी (एका वेळी तपासायची चौकट) उभ्या माणसासाठी आहे. ती आडवी, १२८ बाय ६४ केली तरी फीचर ३७८०च राहतात; पण ओळखण्यात फरक पडेल का? की सलग फ्रेममधली चाल फीचर म्हणून घ्यावी? रास्पबेरी पायवर थेट योलो (चित्रातल्या वस्तू ओळखणारं तयार एआय मॉडेल) चालवणारं कोणी आहे का, सेकंदाला किती फ्रेम मिळतात? डुकरांचे रात्रीचे फोटो माझ्याकडे जेमतेम २०० आहेत.