लांब इंग्रजी वाक्यं लिहायला गेले की वाचक हरवतो, काय करू?

अर्धविराम:
आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतेय. साधी वाक्यं बिनचूक येतात. पण रचनेत वैविध्य हवं असं वाचल्यापासून प्रत्येक वाक्याला व्हिच, व्हाइल, हॅविंग जोडत सुटलेय. परवा मैत्रिणीला निबंध दाखवला, तर म्हणाली की दोनदा वाचल्यावर कळलं. तिला अडलेलं वाक्य हे:

«हॅविंग स्टडीड द प्रॉब्लेम फॉर मेनी इयर्स, द सोल्यूशन, व्हिच वॉज फाउंड बाय अ टीम दॅट हॅड वर्क्ड इन डिफरंट कंट्रीज, इज स्टिल नॉट युज्ड.»

मला यात चूक दिसत नाही. नक्की काय बिघडलंय?

साधंसरळ:
छोटी वाक्यं लिहा. त्यासाठी कोणी मार्क कापत नाही.

दुसरा खर्डा:
नुसती छोटी वाक्यं लिहून भागणार नाही. लेखनाच्या चार निकषांपैकी एक व्याकरणाचा आहे, त्याला 25 टक्के वजन आहे, आणि त्यात अचूकतेबरोबर रचनांची व्याप्तीही पाहतात. पण वाचकाला धागा सापडतो का, यासाठी वेगळा निकष आहे. तुमचं वाक्य तिथे मार खातंय.

मी बरीच वर्षं मराठी लेखकांचं इंग्रजी तपासतेय. या वाक्यातल्या दोन्ही अडचणी मला सतत भेटतात, आणि दोन्हींचं मूळ आपल्या मराठीत आहे.

पहिली. समस्येचा अभ्यास कोणी केला? टीमने. पण वाक्य म्हणतंय, सोल्यूशनने. आपल्याला हे खटकत नाही, कारण मराठीत «मी चालत असताना पाऊस आला» अगदी बरोबर आहे. चालणारा वेगळा, येणारा वेगळा. इंग्रजीतल्या हॅविंग किंवा वॉकिंगने सुरू होणाऱ्या तुकड्याला ती मोकळीक नाही. तो आपल्या «-ऊन»सारखा वागतो. «अभ्यास करून उत्तर सापडलं नाही» असं आपण बोलून जातो खरं, पण «अभ्यास करून उत्तर पडून आहे» म्हटलं की लगेच कान टोचतो. असा तुकडा लिहिलात की मनात «-ऊन» लावून बघा आणि दोन्ही क्रियांचा कर्ता एकच आहे ना, ते विचारा.

दुसरी. सोल्यूशन आणि त्याचं क्रियापद इज यांच्यामध्ये तुम्ही 12 शब्द घातलेत. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे थांबायची आपल्याला सवय असते. इंग्रजी वाचक कर्ता दिसला की लगेच क्रियापद शोधतो. वाक्य खुशाल लांबवा, पण मुख्य क्रियापद होऊन गेल्यावर, उजवीकडे:

«आफ्टर स्टडींग द प्रॉब्लेम फॉर मेनी इयर्स, अ टीम ड्रॉन फ्रॉम सेव्हरल कंट्रीज फाउंड अ सोल्यूशन दॅट नोबडी युजेस.»

हेही मिश्र वाक्यच आहे. पण बोचणारी गोष्ट, म्हणजे ते उत्तर कोणी वापरत नाही ही, शेवटी आलीय, आणि इंग्रजीत जोर बहुधा शेवटच्या जागेवर पडतो. माझ्या मते शैली इथे आहे, व्हिचच्या संख्येत नाही.

अर्धविराम:
«-ऊन»ची कसोटी लावून अख्खा निबंध पुन्हा वाचला. तीन ठिकाणी सापडलं! आणखी एक विचारू का? इट वॉज... दॅट आणि हार्डली हॅड आय या रचना कधी वापरायच्या? पाठ आहेत, पण कुठे घालू ते कळत नाही.

दुसरा खर्डा:
पहिलीचं उत्तर आपल्या «च»मध्ये आहे. «उशीर पावसामुळेच झाला» म्हणावंसं वाटलं, तर «इट वॉज द रेन दॅट डिलेड अस». मराठी वाक्यात «च» नको असेल तर इंग्रजीत ती रचनाही नको. आपण एका अक्षराने जे साधतो, त्यासाठी लिखित इंग्रजीला अख्खं वाक्य वळवावं लागतं.

हार्डली गोष्ट सांगताना छान लागतं, युक्तिवादाच्या निबंधात उपरं वाटतं. तिथे ओन्ली व्हेन घ्या, आणि 250 शब्दांत एकदाच. फक्त कर्ता आणि क्रियापदाची उलटापालट कुठे होते ते बघा: «ओन्ली व्हेन द रेन स्टॉप्ड डिड वी लीव्ह». व्हेनच्या तुकड्यात क्रम सरळच राहतो, उलटतो तो मुख्य वाक्यात. डिड चुकून व्हेनला लागूनच येतं. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात ही चूक फार दिसते.