ओर्व्हिएतोत स्थानिक जेवण कुठे शोधावं? सोबत माळकरी आई आहे

कोयनाकाठ:
साताऱ्याहून आम्ही सहा जण मे महिन्यात निघतोय. इटलीत रोम आणि फ्लॉरेन्सच्या मध्ये ओर्व्हिएतोत दोन मुक्काम, दोन्ही वरच्या जुन्या गावात. आई माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. बाकीचे सगळं खातात. फोटोवाल्या मेनूची हॉटेलं नकोत, गावातले लोक जातात तिथं जेवायचंय. ते ओळखायचं कसं? आणि आईला पोटभर काय मिळेल?

माहुलीकर:
डुओमोचा, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचा, चौक आणि कोर्सो काव्हूर हा मुख्य रस्ता सोडून दोन गल्ल्या आत शिरा. दारावरचा मेनू वाचा. चार-पाच पास्ते, तितकेच मांसाचे पदार्थ आणि थोड्या भाज्या एवढंच असेल तर उत्तम. पिझ्झा, लझान्या, कार्बोनारा, मासे सगळं एकाच कार्डावर दिसलं की पुढं चला. नावापुढे छोटा तारा असेल तर तो पदार्थ बहुधा गोठवलेला, खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. 'ओस्टेरिया', 'ट्रॅटोरिया' (दोन्ही म्हणजे साधी खानावळ) या पाट्यांवर विसंबू नका, त्या कुणीही लावतं. गूगल मॅप्सवर नवे रिव्ह्यू आधी लावा आणि इटालियन लोकांनी लिहिलेलेच वाचा. रानडुक्कर किंवा पलोम्बा, म्हणजे रानकबुतर, याबद्दल लोक तावातावानं लिहीत असतील तर ती जागा पक्की.

गुरुवारी आणि शनिवारी सकाळी पियात्सा देल पोपोलोत बाजार भरतो. फळं तिथूनच घ्या.

वाईकर_ताई:
आईंचं नीट सांगते, कारण इथंच फसायला होतं. ताज्या ताल्यातेल्लेत, म्हणजे चपट्या पट्ट्यांच्या पास्त्यात, अंडं असतंच, न्योक्कीत म्हणजे बटाट्याच्या छोट्या गोळ्यांतही बरेचदा. तिथला उंब्रिकेल्ली पास्ता मात्र साधारणपणे नुसता पीठ-पाण्याचा, जाड शेवयांसारखा हातानं वळलेला. तरी 'सेन्झा उओवा?' म्हणजे बिनअंड्याचा ना, असं विचारूनच घ्या. सॉस टोमॅटोचा सांगा. आराब्याता, म्हणजे तिखट टोमॅटो सॉस, तोही चालेल, पण काही ठिकाणी त्यात डुकराचं मांस घालतात, म्हणून 'सेन्झा कार्ने', म्हणजे बिनमांसाचा, म्हणा. आमात्रिचाना सॉस तर नकोच, त्यात डुकराचं मांस असतंच.

चीज हा खरा घोळ. पार्मिजानो आणि पेकोरिनो रोमानो वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या रेनेटनं, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या अर्कानं, विरजतात, आणि ते न विचारता वरून भुरभुरलं जातं. 'सेन्झा फोर्माज्जो', म्हणजे चीज नको, असं आधीच सांगा. मसूर-हरभऱ्याच्या सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, तिथं 'सेन्झा ब्रोदो दी कार्ने'. मेनूत 'कोंतोर्नी', म्हणजे सोबतच्या भाज्या, हा भाग शोधा: चिकोरिया रिपास्साता म्हणजे लसूण-मिरचीवर परतलेली कडवट पालेभाजी, अगदी आपल्या चवीची. ब्रेड अळणी असतो, तिकडची पद्धतच ती. लोणच्याची छोटी बाटली चेक-इनच्या बॅगेत टाका, झाकण टेपनं घट्ट बांधून.

कोयनाकाठ:
खूप उपयोगी, ताई. आई-बाबांना संध्याकाळी सातलाच जेवायची सवय आहे, जमेल का?

माहुलीकर:
सातला अवघड. दुपारी साधारण साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. मधे स्वयंपाकघर बंद. मोठं जेवण दुपारीच करा. सहा जणांचं टेबल आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि त्या जागेची आठवड्याची सुट्टी बघा. बिलात 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, माणशी लावतात, बहुतेकदा दीड ते तीन युरो. ती फसवणूक नव्हे, मेनूवर छापलेलं असतं. मांसापुढे 'एत्तो' लिहिलं असेल तर भाव शंभर ग्रॅमचा. एक किलोचा स्टेक त्याच्या दहापट पडतो, म्हणून चुलीवर जाण्याआधी वजन करून दाखवायला सांगा.