घरचा कोंबडा पहिल्यांदाच कापला, पण मांस वातड राहिले. चूक कोठे झाली?

परसदार (मूळ प्रश्न)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी परसात कोंबड्या पाळतो आहे. यंदा खुडूक बसलेल्या कोंबडीखाली नऊ पिल्ले निघाली आणि त्यांतले पाच नर निघाले. सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या आपसांतल्या मारामाऱ्या इतक्या वाढल्या, की एकाचा तुरा रक्तबंबाळ झाला आणि तलंगांना दाण्याजवळ फिरकणेही अवघड होऊन बसले. एवढे नर ठेवता येणार नाहीत हे पिल्ले निघाली तेव्हापासून ठाऊक होते. शिवाय मांस खाणाऱ्याने ते मिळवण्याचे काम एकदा तरी स्वतःच्या हाताने करावे, असे मला मनापासून वाटत आले आहे. म्हणून गेल्या रविवारी पहिला कोंबडा कापला.

काम नीट झाले नाही. सकाळी नेहमीप्रमाणे सर्वांना दाणे घातले आणि दहाच्या सुमारास त्याला अंगणभर पाठलाग करून पकडले. सुरी स्वयंपाकघरातलीच होती. पहिल्यांदा फिरवली तेव्हा नुसती पिसे कापली गेली, कातडीला काहीच झाले नाही, आणि दुसऱ्यांदा सुरी टेकवेपर्यंत त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. तो क्षण अजून मनातून जात नाही. पुढे उकळत्या पाण्यात बुडवल्यावर छातीवरची कातडी पिसांबरोबरच सोलून निघाली. गळ्याजवळची पिशवी दाण्यांनी गच्च भरलेली होती, ती फुटली. पोट उघडताना आत कोठेतरी सुरीचे टोक लागले आणि हिरवा रस कलेजीवर व आतल्या मांसावर पसरला. सगळे पुन्हा पुन्हा धुऊन बाराच्या सुमारास मांस चुलीवर चढवले, पाऊण तास शिजवले, तरी घास चावता चावेना. आणखी तासभर ठेवल्यावर रस्सा चवीला उत्तम झाला, पण मांसाचे धागे घट्टच राहिले.

एक नर कळपासाठी ठेवणार आहे, म्हणजे अजून तिघांना कापायचे आहे. त्यांच्या वाट्याला असे हाल येऊ नयेत आणि मांसही वाया जाऊ नये, यासाठी ज्यांनी हे काम अनेकदा केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

पहाटेची बांग

तुमच्या लिहिण्यातली सर्वांत महत्त्वाची नोंद म्हणजे दहाला कापलेला कोंबडा बाराला चुलीवर गेला, ही. बाकीच्या चुका त्रासदायक आहेत, पण मांस वातड होण्याचे पहिले कारण हेच आहे.

प्राणी मेल्यावर त्याच्या स्नायूंतली ऊर्जा संपत जाते आणि आकुंचन पावलेले तंतू एकमेकांत अडकून बसतात. पुन्हा सैल होण्यासाठी लागणारी शक्तीच त्यांच्याजवळ उरलेली नसते. कोंबडीच्या शरीरात ही ताठरता पहिल्या एक-दोन तासांतच येते, म्हणजे तुम्ही नेमके ती भरात असताना पातेले चढवलेत. पुढे स्नायूंतलीच विकरे त्या तंतूंची बांधणी हळूहळू ढिली करतात आणि मांस पुन्हा मऊ पडते. यासाठी वेळ द्यावा लागतो, आणि ताठरलेले मांस दोन तास शिजवले तरी तो वेळ भरून निघत नाही. पकडताना झालेल्या पाठलागाचाही यात वाटा आहे. धडपडलेल्या पक्ष्याच्या स्नायूंतला साठा आधीच खर्च झालेला असल्याने ताठरता लवकर येते.

म्हणून साफ केलेला कोंबडा आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून झटपट गार करावा. मांसाचा सर्वांत जाड भाग चार तासांच्या आत ४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला पाहिजे, कारण कोमट मांसात जंतू फार वेगाने वाढतात. नंतर पाणी निथळवून, झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. किमान २४ तास; सात महिन्यांच्या नराला मी पूर्ण दोन दिवस देतो. या काळात त्याचे तुकडे करू नका, अखंडच राहू द्या. सांगाड्याला धरून असलेला स्नायू आखडू शकत नाही, मात्र ताठरता ओसरण्याआधी हाडावरून सुटा केला तर तो आखडतो आणि अधिकच निबर होतो. पक्षी तयार झाला की नाही हे ओळखण्यासाठी तंगडी धरून मांडीचा सांधा हलवून पाहावा. पहिल्या दिवशी ती लाकडासारखी लागते. सांधा सहज फिरू लागला, की मांस शिजवण्याजोगे झाले.

दुसरे कारण वयाचे आहे. बाजारातला मांसल पक्षी सहा-सात आठवड्यांचा असतो, तुमचा सात महिने चालला, उडाला, भांडला. चालत्या-फिरत्या स्नायूंभोवती जोडऊतींचे जाळे असते आणि वयाबरोबर ते पक्के होत जाते. ओल्या, मंद आणि लांबलेल्या उष्णतेने ते विरघळून रश्शात उतरते, व घरच्या कोंबड्याच्या रश्शाला ओठांना चिकटणारा जो दाटपणा येतो तो त्यातूनच. तेव्हा रटरट उकळू नका. पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा येईल इतक्याच आचेवर, झाकण ठेवून, दीड-दोन तासांची तयारी ठेवा. छातीचे मांस मात्र वेगळ्या स्वभावाचे असते. त्यात हे जाळे फारसे नसते आणि तेवढा वेळ ठेवल्यास ते कोरडे पडते. मी छाती बाजूला काढून ठेवतो आणि शेवटच्या अर्ध्या तासात घालतो. कोणताही भाग असो, आतपर्यंत ७४ अंश तापमान गाठले गेले पाहिजे. तंगड्यांना मऊ होण्यासाठी याहून पुष्कळ अधिक उष्णता लागते, त्यामुळे त्यांची काळजी करण्याचे कारण नाही.

दाणापाणी

वरचे उत्तर शिजवण्याच्या दृष्टीने पूर्ण आहे. मी फक्त कापण्याबद्दल लिहिते, कारण तुम्ही ‘हाल’ हा शब्द वापरला आहे आणि ते टाळणे पूर्णपणे आपल्या हातात असते.

काम आदल्या रात्री सुरू होते. अंधार पडल्यावर कोंबडे दांडीवर बसले, की त्यांतला ठरवलेला अलगद उचलून वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावा. अंधारात तो धडपडत नाही आणि सकाळी पाठलागाची वेळ येत नाही. कापण्याआधी दहा-बारा तास दाणे बंद ठेवावेत, पाणी मात्र भरपूर असू द्यावे. यामुळे गळ्याची पिशवी व आतडी रिकामी होतात आणि तुमच्याकडे झाली तशी घाण होत नाही.

सुरीबद्दल मी फार आग्रही आहे. स्वयंपाकघरातली भाजीची सुरी या कामाची नव्हे. लहान, ताठ पात्याची सुरी आदल्या दिवशी दगडावर लावून ठेवावी आणि कागदाची कड नुसत्या स्पर्शाने कापली जाते का, ते पाहावे. कोंबड्याला उलटे धरून नरसाळ्यासारख्या शंकूत सोडावे, म्हणजे डोके खालच्या तोंडातून बाहेर येते आणि पंख अंगाशी बांधल्यासारखे राहतात. जाड प्लास्टिकचा डबा बुडाला कापूनही असा शंकू करता येतो. उलटा आणि अंगाशी आवळलेला पक्षी थोड्याच वेळात शांत होतो. मग डाव्या हाताने डोके धरून, अंगठ्याने पिसे वर सारून कातडी उघडी करावी. तुमची पहिली फेरी पिसांवरच अडली ती हे न केल्यामुळे. जबड्याच्या हाडामागे, कानाच्या पाळीच्या खाली, एका बाजूला आणि लगेच दुसऱ्या बाजूला खोल काप द्यावा, म्हणजे दोन्हीकडच्या मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. श्वासनलिका कापण्याची गरज नसते. शुद्ध काही सेकंदांतच हरपते. त्यानंतर पंखांची जी जोरदार फडफड होते ती शरीराची आपोआप होणारी हालचाल आहे. पक्ष्याला काही जाणवत असल्याची ती खूण नव्हे. हे आधी ठाऊक नसेल तर मनाला फार लागते, म्हणून मुद्दाम लिहिले. रक्त पूर्ण निथळायला दोन-तीन मिनिटे द्यावीत.

पाणी उकळते नको. ६२ ते ६५ अंश पुरे. उकळते आणि साधे पाणी जवळजवळ समसमान मिसळले तर त्याच्या आसपास येते, पण तापमापक असल्यास तोच वापरावा. पाय धरून पक्षी ४५ सेकंद ते एक मिनिट खालीवर हलवत बुडवावा आणि पंखाचे एक मोठे पीस ओढून पाहावे. ते विनासायास निघाले तर लगेच बाहेर काढावा, आधी पंख व शेपटीची पिसे काढावीत आणि नंतर अंगावरची तळहाताने घासत जावे.

आतडी काढताना छातीच्या हाडाचे टोक जेथे संपते त्याच्या खाली कातडी चिमटीत उचलून धरावी आणि तेवढाच उथळ छेद घ्यावा. पुढचे काम सुरीने नव्हे, बोटांनी करायचे असते. हात छातीच्या हाडाला लावून, जणू छताला घासत, गळ्यापर्यंत सरकवावा आणि सगळा गोळा एकसंध मागे ओढावा. गळ्याकडची पिशवी आधीच सैल करून ठेवलेली असली, की तो अडखळत नाही. मग गुदाभोवती गोल कापून आतडी अखंडच बाजूला करावीत. पित्ताची पिशवी कलेजीला चिकटलेली, गर्द हिरवी, बोटाच्या पेराएवढी असते. ती सोडवत बसू नये, भोवतीच्या थोड्या कलेजीसकट कापून टाकावी. पित्त सांडलेच तर तो भाग कडू होतो, विषारी होत नाही. तेवढा काढून टाकला की झाले. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला असलेली पिवळी तेलाची ग्रंथीही न विसरता काढावी.

जुने खुराडे

पिसांबाबत माझे मत निराळे आहे. एकट्याने एक-दोनच पक्षी कापायचे असतील आणि मांस रश्शातच जाणार असेल, तर कातडीसकट सोलावे; दहा मिनिटांत काम होते आणि पाणी तापवण्याचा खटाटोप वाचतो. अखंड भाजायचा असेल तरच पिसे काढण्याला अर्थ आहे, आणि सात महिन्यांचा नर अखंड भाजण्याच्या फंदात पडू नये.

त्याहून महत्त्वाचे असे, की कापण्याआधी औषधांचा हिशेब पाहावा. गेल्या काही आठवड्यांत कळपाला प्रतिजैविक किंवा जंताचे औषध दिले असेल, तर वेष्टनावर लिहिलेले मांस न खाण्याचे दिवस पूर्ण होऊ द्यावेत. सुस्त, मान टाकलेला किंवा धापा टाकणारा पक्षी कापू नये. कळपात एकाएकी मरतूक सुरू झाली, तुरे निळसर पडले किंवा डोकी सुजली, तर हात न लावता पशुवैद्यकांना कळवावे. पोट उघडल्यावर निरोगी कलेजी एकसारख्या तपकिरी-लाल रंगाची आणि तुकतुकीत दिसते. तिच्यावर पांढरे ठिपके किंवा गाठी दिसल्या तर तो पक्षी खाऊ नये. आणि कच्च्या मांसाची भांडी, पाट, हात यांचा कोशिंबिरीशी किंवा शिजलेल्या अन्नाशी कोठेही संबंध येऊ देऊ नये. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यांतही माणसाला आजारी पाडणारे जंतू असतात.

पुढे कधी अंडी थांबलेली जुनी कोंबडी कापलीत तर पोटात डाव्या बाजूला, पाठीच्या कण्याला लगटून, मोहरीपासून थेट लहान लिंबापर्यंत वाढत गेलेल्या बलकांचा घोस कदाचित सापडेल. कोंबडीचा डावाच अंडाशय काम करतो. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा, जिला मी निरुपयोगी ठरवले होते तिच्या पोटात पुढच्या कित्येक दिवसांची अंडी ओळीने तयार होती, हे पाहून मी बराच वेळ हात धुऊन बसून राहिलो होतो. तेव्हापासून अंडी थांबली असे नुसत्या अंदाजाने ठरवत नाही. कोंबडीला आठवडाभर वेगळी ठेवून खात्री करतो.

परसदार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल दुसरा कोंबडा शिजवला, म्हणून कळवतो आहे. गुरुवारी रात्री दांडीवरून उचलला, तेव्हा त्याने माझ्या हातावर नुसती मान टेकवली. शुक्रवारी सकाळी शंकू व लावलेली सुरी वापरली. दोन काप, आणि सगळे शांतपणे पार पडले. फडफडीबद्दल आधी वाचले नसते तर मी पुन्हा खचलो असतो. कातडी एकाच ठिकाणी, मांडीजवळ फाटली. बरगड्यांत रुतलेली गुलाबी फुप्फुसे मात्र निघता निघेनात, ती शेवटी चमच्याने खरवडून काढली. शुक्रवारी संध्याकाळी तंगडी काठीसारखी ताठ होती, रविवारी सकाळी सांधा अगदी सहज फिरला. मंद आचेवर पावणेदोन तासांत मांडीचे मांस हाडापासून सुटले आणि घरातल्या सर्वांना सहज चावता आले.

उरलेले दोघे एकाच दिवशी कापावेत असा विचार आहे. त्यांतला एक लगेच फ्रीझरमध्ये टाकला तर चालेल का, की त्यालाही दोन दिवस द्यावे लागतील?

पहाटेची बांग

त्यालाही द्यावे लागतील. ताठरता ओसरण्याआधी गोठवलेले मांस बाहेर काढल्यावर पुन्हा आखडते आणि त्यातून पाणीही फार सुटते. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून, अंगावरचे पाणी पुसून, पिशवीतली हवा शक्य तेवढी काढून मगच उणे १८ अंशांवर ठेवावा आणि पिशवीवर तारीख लिहावी. बाहेर काढाल तेव्हा ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्येच एक पूर्ण दिवस वितळू द्यावा. फुप्फुसांसाठी चमचा योग्यच आहे. मीही तोच वापरतो.