अनुभव धागा : शाळकरी बुद्धिबळ स्पर्धा

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच जेतेपदावर ती ग्रँडमास्टरही झाली. तेव्हापासून आमच्या भागात बुद्धिबळाच्या वर्गात जागा मिळेना. पण त्या वर्गातली पोरं ज्या पहिल्या स्पर्धेला जातात, तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. स्वतः खेळला असाल किंवा दाराबाहेर ताटकळला असाल, तर लिहा. फक्त विजेत्यांनीच लिहावं असं मुळीच नाही.

सांगलीची माजी खेळाडू
सांगलीत बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांचं नाव ऐकतच आम्ही वाढलो, त्यामुळे शाळेतून जिल्ह्याला खेळायला जाणं म्हणजे मोठीच गोष्ट. चौदा वर्षांखालच्या मुलींचा गट होता. माझा डाव पार गेलेला, पटावर नुसता राजा उरलेला. समोरच्या मुलीने वजीर आणला, घड्याळ दाबलं आणि हात पुढे केला. मी हात दिला नाही. शह नव्हता आणि राजाला जायला घरही नव्हतं. घड्याळ थांबवून पंचांना बोलावलं. त्यांनी पट दोनदा पाहिला आणि म्हणाले, "स्टेलमेट. अर्धा-अर्धा." ती रडायला लागली. मला तो अर्धा गुण ढापल्यासारखा अजिबात वाटला नाही, घरी गेल्या गेल्या सगळ्यांना सांगितला! स्विस पद्धतीत एकदा खेळलेली जोडी पुन्हा लागत नाही, म्हणून फिट्टंफाट राहिलीच. डबा मात्र दोघींनी एकत्र खाल्ला.

एक बाबा, पुणे
सर आधीच बजावतात : मूल बाहेर आलं की 'जिंकलास का' विचारू नका, पाणी हवं का विचारा. मी तेच विचारलं. चिरंजीव म्हणाले, "पाणी नको बाबा, घोडा गेला."

पंच म्हणून काम करणारा
लहान गटात निकाल सांगायला दोघं येतात आणि दोघंही म्हणतात, "मी जिंकलो." तोवर पट आवरलेला असतो! म्हणून फेरीआधी माइकवर ओरडून सांगावं लागतं की डाव संपला की मोहरे हलवू नका, हात वर करा. राजाला शह असताना भलतीच चाल करून घड्याळ दाबलं, तर समोरच्याला दोन मिनिटं जादा. तेच पुन्हा झालं की साधारणपणे डावच जातो. मुलं हे लगेच मान्य करतात. दाराबाहेरून आवाज येतो तो पालकांचा.

एक प्रशिक्षक
मार्च २०२४ पासून फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, मानांकनाची (रेटिंगची) खालची मर्यादा १००० वरून १४०० वर नेली. आता नवशिक्या पोराच्या नावापुढे आकडा लागणं सोपं नाही, आणि काही पालक हिरमुसलेत. मला विचाराल तर बरंच झालं. आधी आकडा आला की पोरगं तो सांभाळायला खेळायचं, बरोबरी मागत सुटायचं. (हे सर्वांना पटणार नाही, ठाऊक आहे.)

इयत्ता चौथी, आई टाइप करतेय
मी पहिले दोन डाव हरलो. मग मुलं विषम झाली म्हणून मला बाय मिळाला. बाय म्हणजे न खेळता एक गुण. मी वडापाव खाल्ला. चौथ्या फेरीत मिशीवाला दादा आला, त्याने मला पटकन हरवलं, पण नंतर कुठे चुकलं ते दाखवलं. रविवारी परत स्पर्धा आहे. तिथे पण बाय देतात का?